डावीकडून तिसरं चित्र

माझ्या सायबर कॅफेत सात वर्षं कॉम्प्युटरच्या पडद्यावर 'सुरू' हा शब्द नव्हता. 'चालू' होता. 'शोध' नव्हता, 'घर' नव्हतं, 'भाषा' नव्हती. 'विद्यालय'ही नव्हतं. गिऱ्हाइकांना वाटायचं, मास्तरांना शब्द सुचत नाहीत. त्यांची समजूत मी कधी काढली नाही, कारण ती काढायला अर्धा तास लागला असता आणि तासाला चाळीस रुपयांचा हिशेब होता.

जामखेडला एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर आमचा गाळा. वडिलांचा तिथं टायपिंगचा क्लास होता. २००० साली मी त्यातली अर्धी टेबलं भिंतीला सरकवली आणि चार कॉम्प्युटर मांडले. विंडोज ९८, चौदा इंची मॉनिटर, इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून. नंबर लागला की मोडेम किंचाळायचं आणि शेजारच्या खोलीत टंकलेखनाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरी दचकून चुकायच्या.

येणारी माणसं नान्नज, जवळा, साकत, अरणगाव अशा गावांची. दहावी-बारावीचा निकाल बघायचा, पुण्यात शिकणाऱ्या पोराची मेल वाचायची, कांद्याचा भाव बघायचा. जामखेडला रेल्वे नाही, तरी रेल्वेच्या आरक्षणाची चौकशी करणारेही असत. त्यांच्यापुढं 'माय कॉम्प्युटर' आणि 'रिसायकल बिन' मांडून उपयोग नव्हता. तेव्हा मी डेस्कटॉप मराठी करायचं ठरवलं.

त्या काळी विंडोज ९८ ला मराठी अशी भाषा ठाऊकच नव्हती, म्हणून एक फसवाफसवी करावी लागे. डिस्प्लेच्या गुणधर्मांत 'अपिअरन्स' नावाचं पान असे. तिथं 'आयकॉन' निवडून त्याखालच्या अक्षरांचा फाँट बदलता यायचा. मी तिथं कृतिदेव लावला. कृतिदेव म्हणजे इंग्रजी अक्षराला चढवलेला मराठी मुखवटा. 'निकाल' असं पडद्यावर दिसायचं, पण कॉम्प्युटरच्या लेखी तिथं एफ-यू-डी-के-वाय एवढंच लिहिलेलं. अक्षरांची मांडणी रेमिंग्टन टाइपरायटरची, ती मला वडिलांच्या मशीनवर लहानपणीच हातात बसलेली. फाँटचं वळण हिंदी होतं, ते वडिलांना शेवटपर्यंत खुपलं.

अडचण पुढची. फाइलच्या नावात विंडोज नऊ खुणा चालवून घेत नाही: दोन तिरप्या रेघा, एक उभी रेघ, विसर्गासारखी दोन टिंबं, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण आणि दोन्हीकडचे कोन. कृतिदेवात नेमकी यांवरच अक्षरं बसवलेली. प्रश्नचिन्हावर घ, तिरप्या रेघेवर ध, अवतरणावर ष, कोनांवर ढ आणि झ, उभ्या रेघेवर द्य, दोन टिंबांवर रू. म्हणजे आयकॉनला नाव देताना एवढी अक्षरं वगळून मराठी लिहायचं. 'रु' ऱ्हस्व होता, तो वेगळ्या खुणेवर. 'सुरु' लिहून भागलं असतं. पण ज्या वडिलांनी आयुष्यभर परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षेला पोरं बसवली, त्यांच्याच गाळ्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकवायची माझी छाती नव्हती. म्हणून 'चालू'.

पडद्याच्या मधोमध एका ओळीत सहा चित्रं मांडली. आयकॉन हा शब्द आमच्याकडं कुणी वापरत नसे, सगळे चित्रच म्हणत. पहिलं 'चालू', म्हणजे इंटरनेट जोडायचं. दुसरं 'मेल'. तिसरं 'बाजारभाव'. मग 'निकाल', 'रेल्वे', 'टाइप करा'.

महिना-दोन महिन्यांत माझ्या लक्षात आलं की नावांची एवढी कुस्ती मी उगाच खेळलो. माणसं नाव वाचत नव्हती, जागा लक्षात ठेवत होती. साकतहून एक पाटील यायचे, सगळे त्यांना अण्णा म्हणत. चष्मा घरी विसरलेला असला तरी माउस सरकवून बरोबर तिसऱ्यावर आणायचे. मिसळणाच्या डब्यासारखं होतं ते. आमच्या आईला अंधारात हळद-जिरं विचारावं लागत नसे. हात जातो तिथं हळद असते. पण डब्यातल्या वाट्या कुणी बदलल्या की भाजीत काय पडेल त्याचा नेम नाही.

वाट्या बदलायच्याच. कुणी मोकळ्या जागेत उजवं बटण दाबून चित्रं नावाच्या क्रमाने लावायचा, आणि कृतिदेवाच्या मुखवट्यामागचा तो इंग्रजी क्रम कुणालाच कळणारा नसायचा. कुणी ओढून चित्र कोपऱ्यात टाकायचा. सगळ्यात मोठी उलथापालथ माणसांनी केलीच नाही, भारनियमनानं केली. चालू मशीनची वीज गेली की परत आल्यावर आधी स्कॅनडिस्कची निळी पट्टी, आणि दैव फिरलं तर सेफ मोड. सेफ मोडमध्ये पडदा ८०० बाय ६०० वरून ६४० बाय ४८० वर येतो. बाहेर पडलेली चित्रं विंडोज आत ढकलतं, आणि बंद करताना तीच मांडणी जपून ठेवतं. दुसऱ्या दिवशी अण्णा विचारणार, "मास्तर, माझं तिसरं कुठं गेलं?"

डेस्कटॉपला कुलूप लावायचा विचार इथून आला. पुढं पुष्कळ ठिकाणी वाचलं की कॅफेवाले चोराच्या, व्हायरसच्या आणि घाणेरड्या चित्रांच्या भीतीनं मशीन बंदिस्त करत. करत असतील. मी पहिलं कुलूप लावलं ते चित्रं हलू नयेत म्हणून.

कुलपाचा इतिहास माझ्यापेक्षा जुना आहे, आणि त्यातलं काही मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. टाइपरायटरला कुलूप नसायचं. वडील संध्याकाळी रिबिनीची रिळं काढून कपाटात ठेवायचे, झालं. १९८४ साली आयबीएमनं पीसी-एटी काढला, त्याच्या पुढच्या अंगाला खरंखुरं कुलूप होतं. किल्ली फिरवली की कीबोर्ड मुका. त्याच्या नकला आपल्याकडं आल्या त्यांनाही ते कुलूप असायचं. मी नगरला (तेव्हा अहिल्यानगर हे नाव यायचं होतं) डॉस शिकायला जायचो, तिथल्या सरांच्या जानव्याला घराच्या किल्लीशेजारी ही गोल किल्ली बांधलेली असे. क्लासच्या सगळ्या मशीनांना एकच किल्ली चालते हे आम्हाला आठवड्यात कळलं. सरांना ते माहीत होतं की नाही, कोण जाणे.

डॉसमध्ये ते एक मेनू लावायचे. मशीन चालू झालं की १ दाबा, वर्डस्टार. २ दाबा, लोटस. ३ दाबा, डीबेस. त्याबाहेर जायचं नाही. आम्ही कंट्रोल आणि सी एकत्र दाबायचो. मेनू थांबायचा आणि मशीन नम्रपणे विचारायचं, काम इथंच संपवू का, वाय की एन? एवढ्या अदबीनं आम्हाला त्या वयात दुसरं कुणी काही विचारलेलं नव्हतं.

मग १९९२ चं विंडोज ३.१. त्यात 'प्रोगमॅन डॉट आयएनआय' नावाची एक साधी मजकुराची फाइल होती. तिच्यात 'रिस्ट्रिक्शन्स' असं मथळ्याला लिहून खाली आज्ञा लिहायच्या: 'नो-रन', 'नो-क्लोज', 'नो-सेव्ह-सेटिंग्ज'. पुढं बरोबर १ लिहिला की बंदी लागू. पुढं विंडोज ९५ आलं, सगळा कारभार रजिस्ट्रीत गेला, पण हे शब्द तसेच राहिले. एक्सपीत राहिले. माझ्या आजच्या मशीनमध्ये 'नो-रन' अजून चालतो. राज्यं बदलली तरी सातबाऱ्यावर 'पोटखराबा' राहतोच, तसं हे. आणि त्यातला 'नो-सेव्ह-सेटिंग्ज' म्हणजे माझ्या दुखण्यावरचं नेमकं औषध होतं. चित्रं हवी तशी मांडा, मशीन एकदा बंद करून मांडणी पक्की होऊ द्या, मग ही बंदी लावा. त्यानंतर दिवसभर कुणी काही उचलून कुठं टाकलं तरी मशीन ते लक्षात ठेवायचं नाही. दुसऱ्या सकाळी सहाच्या सहा चित्रं ओळीत उभी.

हे करायचं हत्यार विंडोज ९८ च्या सीडीत आत आत दडलेलं होतं, पोलेडिट. त्यात प्रत्येक बंदीपुढं चौकोन, आणि चौकोनाच्या तीन तऱ्हा. बरोबरची खूण म्हणजे बंदी लावा. कोरा म्हणजे बंदी काढा. करडा म्हणजे आहे तसं राहू द्या. यातल्या एका खुणेपायी माझं एक मशीन चार तास अडकून पडलं.

म्हणजे झालं असं. चित्रं जागेवर राहायला लागली, त्या यशानं डोक्यात हवा गेली. तिथं एक बंदी होती: फक्त परवानगी दिलेलेच प्रोग्राम चालतील. मी खूण केली, यादीत ब्राउझर लिहिला, नोटपॅड लिहिलं, वर्ड लिहिलं. खुशीत मशीन बंद केलं. सकाळी उघडलं तर कुलूप चोख. इतकं चोख, की पोलेडिट चालेना. रजिस्ट्री उघडेना. परवानगीच्या यादीत मी किल्लीच लिहिली नव्हती. बाहेर उभं राहून कडी आतून लावल्यासारखं झालं. चार तास घाम गाळला. शेवटी पुण्याच्या एका मित्रानं फोनवर सांगितलं: एफ-८ दाबून नुसत्या डॉसमध्ये जा आणि स्कॅनरेग रिस्टोअर म्हण. विंडोज ९८ रोज पहिल्यांदा चालू होताना रजिस्ट्रीची एक प्रत काढून ठेवायचं, अशा पाच प्रती. पडद्यावर पाच तारखा आल्या. मी शहाणपण सुचायच्या आदल्या दिवसाची तारीख निवडली. आयुष्यात आणखी कुठं असली सोय असती तर मी दोन-तीन ठिकाणी वापरली असती.

दुसरं कुलूप एका पाहुणीमुळं लागलं. जामखेडला परदेशी माणूस नवा नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये इथं ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प मांडला, खेड्यातल्या अक्षरओळख नसलेल्या बायांनाही आरोग्याचं काम शिकवलं, १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला, आणि तेव्हापासून जगभरातली माणसं गावात येत-जात राहिली. अशीच एक गोरी मुलगी मेल बघायला आली. तिला अक्षरं वाचता येईनात, तेव्हा तिनं स्वतःच डिस्प्लेमध्ये जाऊन फाँट साधा करून घेतला. मुखवटा गळून पडला. 'निकाल'च्या जागी एफ-यू-डी-के-वाय, 'चालू'च्या जागी पी-के-वाय-डब्ल्यू. तिला आता त्याहून काही कळेना. मी शेजारी जाऊन दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं, तिची मेल उघडली. दुसऱ्या दिवसापासून ती आली की न विचारता दुसऱ्यावर. तीही शेवटी जागाच शिकली. चूक तिची नव्हती, दार मी उघडं ठेवलं होतं. त्या रात्री डिस्प्लेच्या पानालाही बंदी घातली.

पोरांनी मात्र मला खरा अभ्यास करायला लावला. खर्ड्याचा एक बारावीतला पोरगा होता. १७९५ मध्ये जिथं मराठ्यांनी निजामाला वाकवलं ते खर्डा. वेढा घालणं रक्तात असावं. मी सी आणि डी ड्राइव्ह लपवले होते. त्याचा हिशेब मजेचा असतो: ए ला १, बी ला २, सी ला ४, डी ला ८, दर अक्षराला दुप्पट. जे लपवायचे त्यांची बेरीज लिहायची. माझी बेरीज १२. पोरानं ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत सी आणि दोन टिंबं लिहिली, आणि अख्खा ड्राइव्ह उघडला. लपवणं वेगळं आणि बंद करणं वेगळं, त्याला वेगळी आज्ञा लागते, हे मला त्यानं शिकवलं. ती लावली. मग तो नोटपॅडच्या 'ओपन'च्या खिडकीतून उजव्या बटणानं शिरला. लॉगिनची खिडकी तर विंडोज ९८ मध्ये शोभेची. एस्केप दाबलं की आत. दर शनिवारी तो यायचा, मी दर रविवारी डागडुजी करायचो. मी त्याच्याकडून तासाचे पैसे घेत राहिलो, खरं तर उलटं व्हायला हवं होतं. एकदाच विचारलं, "काय बघायचंय रे तुला आत?" म्हणाला, "काही नाही सर. तुम्ही बंद का केलंय ते." त्यानं कधीही एक चित्र जागचं हलवलं नाही, हेही नोंदवून ठेवतो.

याच सुमारास कॅफे हा सरकार-दरबारी काळजीचा विषय झाला. २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मुलांना इंटरनेटवरच्या अश्लील मजकुरापासून कसं वाचवायचं यासाठी समिती नेमली होती. एप्रिल २०११ मध्ये केंद्राचे सायबर कॅफेचे नियमच आले. ओळखपत्र पाहा, नोंदवही वर्षभर जपा, पाहिलेल्या संकेतस्थळांची नोंदही वर्षभर ठेवा, दोन मशीनांमधला आडोसा साडेचार फुटांहून उंच नको. आडोसा करवतीनं कापावा लागला. सुतार म्हणाला, "मास्तर, खाली बसणाऱ्याला लपवायचं नाही तर मग फळी ठेवताच कशाला?" त्याचं खरं होतं.

तोवर मी एक्सपीवर आलो होतो. २००६ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टनं विंडोज ९८ ची साथ सोडली, मी पुढच्या वर्षी सोडली. एक्सपीत युनिकोड होतं. सीडी घालून 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' म्हणजे जोडाक्षरी लिप्यांची सोय बसवली की मंगल फाँटात खरीखुरी मराठी. आता 'सुरू' लिहिता आला असता. पण सात वर्षं लोकांच्या तोंडात 'चालू'वर दाबा असंच बसलेलं. राहू दिलं.

आणि पेनड्राइव्ह आले. २००५ मध्ये इंडोनेशियातून निघालेला ब्रॉन्टॉक नावाचा किडा फिरत फिरत जामखेडपर्यंत पोचला. त्यानं काय केलं? रजिस्ट्री एडिटर बंद केला, 'फोल्डर ऑप्शन्स' गायब केलं. कशानं? त्याच आज्ञांनी, ज्या मी पाच वर्षं लावत आलो होतो. चोरानं कडी फोडली नाही, माझंच कुलूप मला लावून तो आत बसला. मला सर्वांत जास्त राग याच गोष्टीचा आला, आणि खोटं कशाला बोलू, थोडं कौतुकही वाटलं.

त्यावर सगळ्या कॅफेवाल्यांचा तोडगा एकच होता, डीप फ्रीझ. कॅनडाच्या फॅरोनिक्स कंपनीचं सॉफ्टवेअर, खाली उजव्या कोपऱ्यात पांढरं अस्वल. अस्वल बसलं की मशीन गोठलं. दिवसभर काहीही करा, व्हायरस आणा, फायली उडवा. बंद करून चालू केलं की काल होतं तसं. शिफ्ट दाबून अस्वलावर दोनदा टिचकी मारली की पासवर्ड विचारायचं. आमच्या भागात विकत घेतलेलं अस्वल मी एकही पाहिलं नाही, माझंही नव्हतं. मायक्रोसॉफ्टनं २००७ मध्ये स्टेडीस्टेट नावाचं असलंच काही फुकट दिलं होतं, पण ते अस्सल विंडोजवरच बसायचं, म्हणजे आम्हाला ते फुकट असून महाग. २०१० अखेर त्यांनी ते बंदही केलं.

अस्वलानं चित्रांची चिंता कायमची मिटवली. पण अस्वलाला चांगलं-वाईट कळत नाही. एका बचत गटाच्या ताई दुपारभर बसून गटाचा वर्षाचा हिशेब आणि बँकेचा अर्ज टाइप करत होत्या. मी त्यांना सांगायला विसरलो की काम माझ्याकडं पेनड्राइव्हवर द्या. वीज गेली. परत आली. पडद्यावर सहा चित्रं जागच्या जागी, स्वच्छ, आणि ताईंच्या चार तासांचा मागमूस नाही. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. वही परत उघडली आणि म्हणाल्या, "भाऊ, परत पहिल्यापासून सांगा." त्या दिवसाचे पैसे मी घेतले नाहीत, रात्री आठपर्यंत दोघांनी बसून परत टाइप केलं. दुसऱ्या दिवशी एका ड्राइव्हची गोठवण काढून तो लोकांच्या कामासाठी मोकळा ठेवला आणि तिथं सातवं चित्र लावलं, 'तुमचं काम'. ते ओळीच्या शेवटी लावलं, मधे घुसवलं नाही.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि कॅफे संपला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. गाळ्यात आता दाखले, अर्ज आणि सातबारे निघतात. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला तेव्हा त्याचं चित्र मी डावीकडून तिसरं लावलं, कारण बाजारभाव आता सगळे फोनवर बघतात आणि ती जागा रिकामी होती. मशीनवर पुतणी बसते. मागच्या दिवाळीत तिनं सगळा डेस्कटॉप नव्यानं सजवला, नावं शुद्ध केली, पहिल्या चित्राखाली 'सुरू करा' असं घातलं.

अण्णा आता ऐंशीच्या पुढं आहेत. काउंटरच्या पलीकडून पडद्याकडं बघत उभे राहिले, काठीनं काचेपर्यंत पोचायचा प्रयत्न केला, आणि मला म्हणाले, "मास्तर, चालू कुठं गेलं?"

पुतणीला मी ते परत लिहायला लावलं.